दिवंगत उमेदवाराची भूमिका

मंगळवारी संध्याकाळी माझे वडील, एल्डन ब्रेक्के, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून देशाच्या सीमेचा प्रश्न सोडवत होते आणि मी समोर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होते. तो आमचा शेवटचा साधा दिवस. साधा म्हणजे अगदी साधा होता: शेगडीवर बटाटे, खिडकीबाहेर शेजारच्या डेल्मारच्या गायी, आणि बाबा खासदारकीला उभे.

बाबा अपक्ष होते. ते का उभे राहिले हे सांगत बसत नाही, कारण ते मलाही नीट कळलेलं नाही. पण पश्चिम विस्कॉन्सिनच्या आमच्या कोपऱ्यात त्यांना न ओळखणारा माणूस शोधावा लागला असता. हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर गाडी चालवायला शिकवली. कौंटीतला निम्मा मतदार कधी ना कधी त्यांच्या डाव्या हाताला बसून घामाघूम झाला होता, आणि बाबांनी स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबून त्याचा जीव वाचवला होता. एवढ्या उपकारांवर निवडणूक सहज जिंकता यावी असं कोणालाही वाटेल. पण ज्याने आपल्याला कुंपणात घुसताना पाहिलंय, त्याला वॉशिंग्टनला पाठवायला लोक फारसे उत्सुक नसतात, हे आम्हाला हळूहळू कळत होतं.

बाबांचा सगळा राग एकाच गोष्टीवर होता. विद्यमान खासदारांच्या संकेतस्थळावर ‘भूमिका’ नावाचं पान होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘सीमा: सुरक्षित. कर: कमी. आरोग्य: परवडणारं.’ दुसऱ्या पक्षाच्या बाईंच्या पानावर फोटो जास्त चांगला होता आणि ‘सीमा: न्याय्य. कर: न्याय्य. आरोग्य: सर्वांसाठी.’ असं होतं.

“हे काय उत्तर झालं?” बाबा म्हणाले होते. “मी विचारतोय, पुढच्या चौकात डावीकडे वळणार की उजवीकडे? आणि हे म्हणतात, ‘सुरक्षितपणे.’”

म्हणून त्यांनी ठरवलं की आपणही संकेतस्थळावर असं पान करायचं, पण देशासमोरच्या प्रत्येक मोठ्या प्रश्नावर आपली भूमिका खरीखुरी लिहायची. तीन भाग केले: मान्य, अमान्य, आणि ‘मला अजून कळलेलं नाही’. पहिले दोन भाग आटोपशीर राहिले. तिसरा पावसाळ्यातल्या गवतासारखा वाढत गेला. परराष्ट्र धोरण जवळजवळ अख्खं त्यात गेलं.

डेल्मार म्हणाला, “अरे एल्डन, उमेदवार असं लिहितो का कधी? न कळणाऱ्या गोष्टी निवडून आल्यावर कळवून घ्यायच्या असतात.”

डेल्मार श्रोएडर आमच्याकडे दार न वाजवता यायचा आणि सल्ला देऊन जायचा. सल्ल्याबरोबर ताज्या चीजचे तुकडे आणायचा, त्यामुळे त्याला कोणी काही बोलत नसे. त्या मंगळवारीही तो आलाच. सीमेचं कळल्यावर खुर्ची ओढून बसला.

“त्यात विचार कसला करायचा? सीमा बंद कर म्हणावं. घट्ट बंद.”

“आणि तुझ्या गोठ्यातले गडी?” बाबांनी विचारलं. “होरासिओ आणि त्याचे भाऊ?”

“ते आत आल्यावर बंद कर ना. तेवढं कळत नाही का तुला?”

“हे मान्यमध्ये घालू की अमान्यमध्ये?”

“माझं नाव न घालता कुठेही घाल,” डेल्मार म्हणाला. “आणि ते उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ तासभर पुढेमागे करण्याचं काय झालं? गायींना ते पटत नाही. त्यावर भूमिका हवी.”

बाबांनी तेही टिपून घेतलं. लोकांचं टिपून घेण्याची त्यांना वाईट सवय होती. चर्चच्या मंडळाच्या अध्यक्ष फिलिस ऑनस्टॅड यांनी कमरेच्या शस्त्रक्रियेवर एक अख्खी संध्याकाळ घेतली होती, आणि त्यातून आरोग्य धोरणाचा एक परिच्छेद निघाला होता. निरनिराळ्या संघटनांकडून प्रश्नावल्या यायच्या. त्यांत फक्त हो किंवा नाही, असे दोन चौकोन असत. बाबा तिसरा चौकोन हाताने काढत आणि त्यापुढे ‘सोबतचा कागद पाहावा’ लिहीत. बंदुका ठेवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांना नापास केलं. त्याच आठवड्यात बंदुकांना विरोध करणाऱ्यांच्या संघटनेनेही केलं. बाबा खूश झाले. म्हणाले, “म्हणजे मी बरोबर मधोमध आहे.” रस्त्याच्या मधोमध उभ्या माणसाच्या अंगावर दोन्हीकडून गाड्या येतात, असं माझ्या मनात आलं.

माझं काम स्वल्पविरामांचं होतं. मी कौंटीच्या वाचनालयात आहे, पुष्कळ वाचलेलं आहे, म्हणून भाषा माझ्याकडे. डेल्मार गेल्यावर बाबांनी चष्मा वर केला.

“मॅरिट, ऐक. ‘ज्याने आपल्या गायींचं दूध वर्षानुवर्षं काढलं, त्याला परका म्हणण्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे, पण दार कुठे आहे, आणि ते कोणी उघडायचं, हेही, ठरलेलं असलं पाहिजे.’ कसं वाटतंय?”

“‘हेही’नंतरचा स्वल्पविराम नकोय.”

“विराम राहू दे. तुझं काय मत?”

“वाईट नाही,” मी म्हणाले.

आमच्याकडे ‘वाईट नाही’ हे भरपूर झालं. त्यावर लग्नं जमतात. बाबांनी मान हलवली, स्वल्पविराम खोडला, आणि आम्ही बटाटे खाल्ले.

बुधवारी सकाळी ते रस्त्याच्या कडेला आपल्या नावाचा फलक रोवत होते. डेल्मारला ते फलकाशेजारी पडलेले सापडले. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. फलक सरळ उभा होता, हे डेल्मारने मला तीनदा सांगितलं. त्याला दुसरं काय सांगावं ते सुचत नव्हतं, आणि मला काय विचारावं ते.

यापुढचं मी जरा भराभर सांगणार आहे, कारण त्या दिवसांत मी एका जागी बसलेच नाही. उठले की फ्रिज आवरायचा. फ्रिज आवरला की कोणीतरी दारात नूडल्स आणि मशरूमच्या सॉसमध्ये भाजलेलं काहीतरी घेऊन उभं. ते ठेवायला जागा करायची म्हणजे पुन्हा फ्रिज. शोक करायला माणसाला थोडी मोकळी फळी लागते, ती आमच्या गावात मिळत नाही.

गुरुवारी मी कौंटीच्या निवडणूक कार्यालयात गेले. मतपत्रिकेवर मेलेल्या माणसाचं नाव बरं दिसणार नाही, असं फिलिसबाईंचं मत होतं. मलाही वाटलं, एक काम उरकेल. खिडकीमागचा गृहस्थ बाबांचाच विद्यार्थी निघाला. बाबांचं ऐकून त्याचे डोळे भरून आले. मग त्याने डोळे पुसले आणि नियम सांगितला.

“नाव काढता येणार नाही, मॅरिट. मतपत्रिका छापून झाल्या. परदेशातल्या सैनिकांना पाठवल्याही.”

“पण ते वारलेत.”

“हो ना. फार वाईट झालं. पण माघार घ्यायची तर उमेदवाराने स्वतः सही करावी लागते. आणि ती मुदतही गेली.”

“म्हणजे ते वेळेवर वारले असते तरी सही लागली असती?”

त्याने विचार केला. “तसं विचारलंस तर, हो.”

“आणि निवडून आले तर?”

“तर फेरनिवडणूक. पण घाबरू नकोस,” तो माझा हात थोपटत म्हणाला, “अपक्ष होते ते.”

हे ‘घाबरू नकोस’ मला फार लागलं. मी गाडीत येऊन बसले आणि गाडी सुरू न करताच कितीतरी वेळ इंडिकेटर चालू-बंद करत राहिले. कालपर्यंत त्यांच्या निवडून येण्याची मलाही खात्री नव्हती. पण दुसऱ्याला ती खात्री नसणं मला सहन होईना.

त्या गाडीत मला कळलं की मला एवढंच हवंय: शनिवारी चर्चमध्ये अंत्यविधीच्या वेळी कोणीतरी बाबांबद्दल एक खरं वाक्य मोठ्याने बोलावं. एकच. फुलं, गाणी, जेवण, सगळं कसंही होऊ दे.

ही मागणी किती अवघड आहे याची कल्पना मला शुक्रवारी आली.

आमच्या पास्टर रूथान नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या, सज्जन आणि घाबरट. त्यांनी मला चर्चच्या तळघरात बोलावलं. तिथे मंडळ बसलं होतं, कॉफी होती, आणि लिंबाच्या वड्या होत्या. लिंबाच्या वड्या बघून मी ओळखलं की बातमी वाईट आहे.

“मॅरिट,” पास्टर म्हणाल्या, “एक छोटीशी अडचण आहे. चर्चने कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात बोलायचं नसतं. नाहीतर आपली करमाफी जाते.”

“मला माहीत आहे.”

“आणि एल्डन अजून उमेदवार आहेत.”

मी म्हणाले, “पास्टर, ते शवपेटीत आहेत.”

“मी नियम वाचलाय,” फिलिसबाई म्हणाल्या. त्यांनी तो खरंच वाचला होता. चष्म्याच्या दोरीला अजून प्रिंटरच्या शाईचा डाग होता. “त्यात ‘जिवंत उमेदवार’ असं कुठेही म्हटलेलं नाही. अगं, आम्हाला काय एल्डन नकोसा आहे का? माझ्या चारही मुलांना त्याने गाडी शिकवली. धाकट्याला तर दोनदा. पण उद्या पास्टर व्यासपीठावरून म्हणाल्या, ‘एल्डन प्रामाणिक होता,’ तर त्याचा अर्थ बाकीचे दोघे काय आहेत?”

बाकीचे दोघे काय आहेत ते सगळ्यांना माहीत होतं.

“मग दुसरीकडे करू,” मी म्हणाले. “अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये.”

“तिथे शनिवारी मतदान यंत्रांची जाहीर चाचणी आहे,” खजिनदार म्हणाले. “त्यात तर बाबांचं नाव असणारच तुझ्या.”

“पुढे ढकलायचं का?” फिलिसबाईंनी हळूच सुचवलं. “मतदान होऊ दे. मग मोकळेपणाने रडता येईल. जमीन गोठायच्या आत दफन झालं म्हणजे झालं.”

मी एक वडी उचलली आणि ती बशीत परत ठेवली. आमच्याकडे यापेक्षा जोरात कोणी रागावत नाही. ढकलणं बारगळलं.

मग सुधारणा सुरू झाल्या. दारात ठेवायच्या पत्रिकेवर बाबांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत होतं. ते प्रचारसाहित्य दिसतं, म्हणून लहान केलं. कोणीतरी विचारलं, प्रचारपत्रकावर असते तशी खाली ‘छपाईचा खर्च कोणी केला’ ही ओळ टाकायला हवी का? ती टाकली. ‘पुढे’ हा शब्द तीनदा येणारं स्तोत्र प्रचाराच्या घोषणेसारखं वाटतं, म्हणून वगळलं. डेल्मार शवपेटीला खांदा देणार होता. त्याच्या कोटावर बाबांच्या नावाचा बिल्ला असतो, तो दाराबाहेर काढून ठेवायचं ठरलं. शेवटी खजिनदारांनीच तोड काढली. नियमाप्रमाणे एका उमेदवाराला जागा दिली तर बाकीच्यांना समान संधी द्यावी लागते. तेव्हा दोघांनाही बोलावून घ्यावं. दोन-दोन मिनिटं.

“म्हणजे माझ्या वडिलांच्या अंत्यविधीत खासदार भाषण करणार?”

“नाही गं,” फिलिसबाई म्हणाल्या, “ते कुठले येताहेत. सहायक येईल.”

“आणि मी?”

पास्टर रूथान पुढे झुकल्या. “कुटुंबीयांच्या आठवणी चालतात. तुम्ही म्हणजे चर्च नाही. फक्त धोरणात्मक काही नको.”

“बालपण,” फिलिसबाईंनी बोटांवर मोजलं. “मासेमारी. आणि तो बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा, करपवायचा ते. बास. अगदी गोड होईल.”

घरी येऊन मी मासेमारीवर एक पान लिहिलं. मग फ्रिज आवरला. मग ते पान पुन्हा लिहिलं. त्यात एकही चूक नव्हती आणि बाबाही नव्हते.

शनिवारी चर्च भरून बाहेरच्या पायऱ्यांवर माणसं होती. प्रचाराच्या सभेला बाबांना पाच माणसं जमवता जमवता नाकी नऊ यायचे, आणि त्यांतही डेल्मार दोनदा मोजलेला असायचा. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझा पाय ब्रेक दाबल्यासारखा सारखा हलत होता. शेजारी डेल्मार होता. त्याच्या कोटावर बिल्ल्याच्या जागी दोन भोकं दिसत होती.

पास्टर रूथान उभ्या राहिल्या. मंडळाने तपासून दिलेलं प्रवचन त्यांच्या हातात होतं.

“एल्डन ब्रेक्के,” त्या म्हणाल्या, “एक मनुष्य होते. ते इथे राहत. पुष्कळ लोक त्यांना ओळखत.” त्या थांबल्या. पुढची ओळ खोडलेली असावी. “ते नियमित येत. सहसा डावीकडे बसत.” फिलिसबाईंनी मान वर केली, तशा त्या घाईने म्हणाल्या, “कधीकधी उजवीकडेही.”

मागे कोणीतरी नाक शिंकरलं. ते रडू होतं की हसू, मला सांगता येणार नाही.

मग खासदारांचा सहायक आला. निळा सूट, गुळगुळीत दाढी, आणि दुसऱ्या कोणासाठी तरी लिहिलेलं भाषण. ‘श्री. ब्रेक्के यांच्याशी आमचे काही मतभेद असले तरी’ अशी त्याने सुरुवात केली, ‘दुधाच्या भावाबद्दल खासदारसाहेब कटिबद्ध आहेत’ इथे पोहोचला, आणि वेळ पाहून बसला. दुसऱ्या पक्षाच्या बाई मात्र स्वतः आल्या होत्या. त्या कागदाशिवाय म्हणाल्या, “मी त्यांचं पान वाचायचे. रात्री वाचायचे आणि मला झोप लागायची नाही. मला ‘कळलेलं नाही’ असं लिहायची कोणी परवानगी देत नाही.” एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्यांचा निम्माच वेळ वापरला गेला होता. एक खरं वाक्य बोललं गेलं, आणि ते बोललं विरोधी उमेदवाराने. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले आणि त्यांची वेणी ओढावीशी वाटली, दोन्ही एकदम.

माझं नाव पुकारलं. मी वर गेले. कागद उलगडला.

“बाबा मला वॉलाय मासे धरायला न्यायचे,” मी वाचलं. “ते बोटीत फार बोलत नसत.”

समोर एवढे चेहरे होते. त्या प्रत्येकाकडे बाबांनी टेबलाशी बसून मत मागितलं होतं. मतदानाचं मत नव्हे. ते मागायला ते विसरायचेच. काय वाटतं, एवढंच विचारायचे. लोकांनी भरभरून सांगितलं होतं. कमरेपासून घड्याळापर्यंत सगळं. मी कागद घडी करून ठेवला आणि शवपेटीकडे वळले.

“बाबा,” मी म्हणाले, “ते प्रत्येक अठरा वर्षांच्या मुलाने एक वर्ष देशाची सेवा केलीच पाहिजे, असं तुम्ही मान्यमध्ये घातलंत ना, ते साफ चुकलंय.”

फिलिसबाईंनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

“मॅरिट, हे धोरणात्मक आहे,” त्या कुजबुजल्या. आमच्या चर्चमध्ये कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते.

“बोलू दे तिला,” डेल्मार म्हणाला.

“सक्ती केली की सेवा राहत नाही,” मी म्हणाले. “मी त्यावर बरंच वाचलंय. तुम्हाला पुस्तकं आणून देता आली असती. आणि कर एका कागदावर मावला पाहिजे, हे वाचायला छान आहे, पण शेतकऱ्यांचा मावत नाही. डेल्मारचा तर नाहीच.”

“नाहीच मावत,” डेल्मार म्हणाला.

“आणि टपालाबद्दल तुम्ही फार भावुक होतात.”

“टपालाचं त्याचं बरोबर होतं,” मागून निवडणूक कार्यालयातला गृहस्थ म्हणाला. लगेच त्याच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, “कसलं बरोबर? आमच्याकडे दुपारी येतं.” आणि खिडकीकडच्या रांगेत दोघे दबक्या आवाजात बंदुकांवर बोलू लागले.

पास्टर रूथान उठल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि हळूच बाजूच्या दाराने बाहेर जाऊन दार लावून घेतलं. म्हणजे चर्चने काही ऐकलेलं नाही. फिलिसबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि पर्समध्ये ठेवला.

मी शवपेटीच्या कडेवर हात ठेवला. लाकूड गार होतं.

“आई आजारी असताना तुमचा अख्खा हिवाळा विमा कंपनीच्या फोनवर गेला,” मी म्हणाले. “तुम्ही आरोग्याखाली एवढंच लिहिलंत की फोन माणसाने उचलावा, असा कायदा हवा. मला वाटलं, हे काय धोरण झालं? मग मी वाचनालयातली त्या विषयावरची सगळी पुस्तकं पाहिली, बाबा. त्यांत ते नाही. कोणालाच सुचलेलं नाही.”

माझा पाय हलायचा थांबला होता.

“सीमेचं तुमचं मला पटलं होतं. पहिल्यांदा वाचलंत तेव्हाच पटलं होतं. परराष्ट्र धोरण मलाही कळलेलं नाही. आणि माझं मत तुम्हाला आहे, बाबा. तुम्ही माझे वडील आहात म्हणून नाही. मला तुम्ही खासदार हवे होतात.”